व्हीलचेअर ढकलणाऱ्याबद्दलही लिहा की

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत 'द इनटचेबल्स' या फ्रेंच सिनेमावर जो लेख आला तो आमच्या इंदूरच्या मराठी व्हॉट्सअॅप ग्रुपांवर दिवसभर फिरत होता, "जरूर पहा", "रुमाल घेऊन बसा", आणि खाली रडक्या इमोजींची रांग. लेख छानच होता, भाषा छान, फोटो पण मोठा. पण वाचून झाल्यावर मला वाटलं की लेखकाने अर्धाच सिनेमा पाहिलाय. सगळा लेख त्या श्रीमंत, अपंग फिलिपबद्दल, त्याचं दुःख, त्याचा एकटेपणा, त्याचं परत हसायला लागणं, आणि तो दुसरा, ड्रिस, तो म्हणजे काय तर "आयुष्यात आनंदाची झुळूक घेऊन आलेला गरीब तरुण". बस्स. झुळूक! अहो तो माणूस आहे, नोकरीवर आहे, त्याला पगार आहे, घरी आई आहे, भावंडं आहेत. त्याच्याबद्दल कोण लिहिणार?

मी काही समीक्षक नाहीये, बँकेतून रिटायर झालेली साधी बाई आहे. पण माझा मोठा भाऊ, आम्ही सगळे त्याला अण्णा म्हणतो, स्कूटरच्या अपघातात मानेला मार लागला तेव्हापासून खांद्याखाली काही हलवू शकत नाही, लोकमान्य नगरात आमच्याच घरी असतो, आणि त्याच्याजवळ दिवसभर खरगोनकडचा एक मुलगा असतो. हा सिनेमा आम्ही तिघांनी मिळून पाहिला. त्यामुळे या विषयावर चार ओळी लिहायचा हक्क मला आहे असं मी समजते, आणि चारच्या चाळीस झाल्या तर चालवून घ्या.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. २०११ च्या नोव्हेंबरमध्ये फ्रान्समध्ये लागला, ऑलिव्हिए नकाश आणि एरिक तोलेदानो या जोडीने लिहिला आणि दिग्दर्शित केला. फिलिप म्हणजे फ्रान्स्वा क्लुझे, पॅराग्लायडिंगच्या अपघातात मानेखालचं सगळं शरीर गेलंय, पॅरिसमध्ये महालासारखं घर आहे. ड्रिस म्हणजे ओमार सी, सेनेगलहून आलेला, जेलमधून नुकताच सुटलेला, पॅरिसच्या बाहेरच्या वस्तीत राहणारा. तो नोकरी मागायला येतच नाही मुळी! त्याला फक्त एक सही हवी असते, की मी इंटरव्ह्यू दिला आणि मला नाकारलं, म्हणजे बेकारी भत्ता चालू राहील. बाकीचे उमेदवार गोड गोड बोलून राहिलेत, मला अपंगांची सेवा करायला आवडते, माझा अमका कोर्स झालाय, आणि हा मधेच घुसून म्हणतो की सही करा, मला जायचंय. फिलिप त्यालाच ठेवतो. फ्रान्समध्ये या सिनेमाची जवळजवळ १ कोटी ९४ लाख तिकिटं विकली गेली, आणि ओमार सीला २०१२ मध्ये सेझार मिळाला, तिथला सर्वात मोठा पुरस्कार, तो बेस्ट अॅक्टरचा मिळवणारा पहिला कृष्णवर्णीय नट. त्या वर्षी समोर 'द आर्टिस्ट'चा जाँ द्युजार्दाँ होता, ज्याला दोन दिवसांनी ऑस्कर मिळालं. म्हणजे बघा.

आता पहिली गोष्ट. हा रडायचा सिनेमा नाहीये हो. हा विनोदी सिनेमा आहे, चांगला धमाल विनोदी, आणि विनोद सगळे त्याच गोष्टीवर आहेत ज्यावर आपल्याकडे लोक आवाज खाली करून बोलतात. ड्रिस त्याला फोन हातात देतो आणि विसरतो की याचा हात चालत नाही. चॉकलेट मागितलं की म्हणतो, हात नाहीत तर चॉकलेट नाही. दाढी करता करता त्याला वेगवेगळ्या मिशा काढून बघतो, शेवटी तर हिटलरची ठेवतो, आणि तो बिचारा आरशात बघून ओरडतोय पण हात उचलून पुसू शकत नाही. अण्णा या मिशीच्या सीनला इतका हसला की त्याला ठसका लागला आणि आम्हाला पिक्चर थांबवून त्याला पुढे वाकवून बसवावं लागलं.

एका नातेवाईक बाईंना मी हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "अगं असल्या गोष्टींवर हसायचं? वाईट नाही वाटत त्याला?" त्यांच्यासाठी सांगते, जुलै २०२४ मध्ये आपल्या सुप्रीम कोर्टाने याच विषयावर निकाल दिलाय. एका हिंदी सिनेमात अपंग लोकांची टिंगल केलीय म्हणून याचिका होती, खंडपीठावर तेव्हाचे सरन्यायाधीश चंद्रचूड साहेब होते (आपले पुण्याचे), आणि कोर्टाने दोन प्रकारचे विनोद वेगळे केले. एक, जो अपंगत्व समजून घेऊन केलेला असतो, लोकांच्या डोक्यातल्या कल्पनांना धक्का देतो. आणि दुसरा, जो माणसाला कमी लेखतो, त्याला फक्त हसण्याची वस्तू बनवतो. पहिला चालेल, दुसरा नाही. आणि सिनेमावाल्यांना असंही सांगितलं की असं काही बनवायच्या आधी त्याच लोकांना विचारा. मला वाटतं मिशीचा सीन पहिल्या प्रकारात बसतो, कारण त्यात फिलिप पण खेळतोय, पण अण्णाचं मत असं की कोर्टाने आधी त्याच्या भेटीला येणाऱ्या लोकांचे चेहरे बघायला हवे होते. लोक येतात, पलंगाजवळ उभे राहतात, आणि मला विचारतात "आता कसं वाटतंय त्यांना?" तो तिथेच असतो. ऐकत असतो. त्याची मान गेलीय, कान नाही.

फिलिपचा एक मित्र त्याला सावध करायला येतो की अरे हा मुलगा जेलमधला आहे, वस्तीतली ही पोरं दयामाया ठेवत नाहीत. फिलिपचं उत्तर असं की मला तेच हवंय, दया नकोय. इथपर्यंत तुमच्या लेखात आलंय, सगळेच लिहितात हे वाक्य. पण त्याच दमात फिलिप दुसरं काय म्हणतो ते कोणी लिहीत नाही. तो म्हणतो की माझी अशी अवस्था असताना हा कुठून आलाय, आधी काय केलंय, याच्याशी मला काय करायचंय. म्हणजे हा व्यवहार दोन्ही बाजूंनी आहे ना. ड्रिस त्याला पेशंट समजत नाही आणि फिलिप त्याला गुन्हेगार समजत नाही. एकाने दुसऱ्याला काही दिलं आणि दुसऱ्याने फक्त घेतलं असं झालेलंच नाहीये.

दुसरं एक, जरा तक्रारच आहे. सिनेमात सुरुवातीला ड्रिसला कळतं की फिलिपच्या पायांना काही जाणवत नाही, तर तो गंमत म्हणून त्याच्या पायावर गरम चहा ओततो. प्रेक्षक हसतात. आमच्या घरात कोणी हसलं नाही. खरगोनवाला मुलगा तर उठून उभाच राहिला, "अरे जल जाएगा ये!" त्याला माहितीय ना. ज्याला जाणवत नाही त्याची कातडी भाजतेच, फक्त त्याला कळत नाही, आणि भाजलेलं बरं व्हायला कैक आठवडे लागतात कारण तिथलं रक्ताभिसरण चांगलं नसतं. गरम पाण्याची पिशवी सुद्धा आमच्या घरात बंद आहे. मानेच्या किंवा छातीच्या वरच्या भागातल्या इजेत आणखी एक भानगड असते, लघवीची नळी जरी तुंबली तरी बीपी एकदम आभाळाला भिडतं, डोकं ठणकतं, घाम सुटतो, आणि पेशंटला पोटात काही कळत नसल्याने कारण दुसऱ्याने शोधायचं असतं. हे शोधणारा कोण? तोच, बारा तासांच्या ड्यूटीवाला. अण्णाचं डोकं दुखतंय म्हटलं की आम्ही घरचे क्रोसिन शोधत असतो आणि तो मुलगा आधी जाऊन युरिन बॅगची नळी दुमडलीय का ते बघतो. दर दोन तासांनी कूस बदलणं, टाचा नि माकडहाड बघणं लाल झालंय का, एअर बेडची हवा बघणं, पायाला ते घट्ट मोजे चढवणं (सिनेमात ड्रिस या मोज्यांना काय वैतागतो, ते अगदी खरं आहे), छातीत कफ साठला की दोन्ही हातांनी दाबून खोकायला मदत करणं. हे सगळं तो करतो. त्याला आपण "तो अटेंडंट" म्हणतो.

सिनेमात एक सीन आहे जो मला वाटतं तुमच्या लेखकाच्या नजरेतून सुटला असेल कारण तो लहान आहे. ड्रिस आपल्या घरी, म्हणजे वस्तीतल्या त्या फ्लॅटमध्ये, इवल्याशा टबात अंघोळ करतोय आणि बाथरूममध्ये सारखी पोरं येऊन जाऊन राहिलीत, जरा म्हणून एकांत नाही. आणि मग फिलिपच्या घरात त्याला स्वतःची खोली मिळते, स्वतंत्र बाथरूम, केवढा मोठा टब, आणि त्याचा चेहरा बघा तेव्हा. तो थांबतो ते दयेपोटी नाही आणि मैत्रीपोटी पण नाही, सुरुवातीला तरी तो त्या खोलीसाठी थांबतो, आणि मला यात काही चूक दिसत नाही. चांगली खोली मिळाली, जेवण मिळालं, पगार मिळाला, मान मिळाला, मग पुढे मैत्री झाली. आपण मैत्रीची अपेक्षा आधी करतो आणि खोलीचं नाव काढत नाही.

आता आपल्या घरांकडे येते. इंदूरच्या मराठी घरांची आज काय परिस्थिती आहे ते तुम्ही तिथे बसून पण ओळखू शकाल, तुमच्याकडे पण तेच असेल. मुलं पुण्यात, बंगलोरला, अमेरिकेत. इथे जुन्या घरात आई किंवा बाबा किंवा दोघं. कोणी पडतं, कंबरेचं हाड मोडतं, कोणाला लकवा होतो, मग फोनाफोनी होते आणि अटेंडंट पुरवणाऱ्या ब्यूरोमधून मुलगा येतो किंवा बाई येते. धार, झाबुआ, खरगोन, बडवानीकडची खूप असतात. ब्यूरोला आपण किती देतो आणि त्यातलं त्या मुलाच्या हातात किती पडतं हे विचारायचं नसतं, विचारलं तर ब्यूरोवाला रागावतो आणि दुसऱ्या दिवशी मुलगा बदलून पाठवतो. सकाळी आठ ते रात्री आठ. बसायला स्टूल. चहाचा ग्लास वेगळा, हो, अजूनही, शिकलेल्या घरांत, खिडकीत उपडा घातलेला असतो तो ग्लास आणि घरात कोणाला विचारलं तर म्हणतील "तसं काही नाही हो, त्यालाच तो आवडतो". बाबांचं सगळं अंग तो पुसतो, शी-शू काढतो, त्यांच्या तोंडात घास देतो, पण त्याचा ग्लास आमच्या कपांत नाही मिसळणार. यावर मी आमच्या ग्रुपवर लिहिलं होतं तर दोन जणींनी ग्रुप सोडला. सोडू दे.

आणि मुलं फोनवर काय विचारतात? "आई, तो नीट काम करतो ना? मोबाईलवर तर नसतो ना? कॅमेरा लावून घे." कॅमेरा लागतो. तो मुलगा दिवसभर कॅमेऱ्याखाली बसतो. फिलिपच्या घरी चांदी-सोनं, पेंटिंगं, मौल्यवान फाबर्जे अंडी (रत्नजडित, शोभेची) होती, ड्रिसने त्यातलं एक खरोखर चोरलंही होतं पहिल्याच भेटीत, आणि फिलिपला ते माहीत होतं, तरी त्याने पोलीस बोलावले नाहीत, शांतपणे परत मागितलं. मी काही म्हणत नाही की तुम्ही कपाट उघडं ठेवा, मी पण ठेवत नाही. पण आपल्याकडे चमचा सापडला नाही तरी आधी कोणाकडे बघतात ते सगळ्यांना ठाऊक आहे, आणि मग तो चमचा फ्रीजमधल्या भाजीच्या डब्यात निघतो.

आम्ही सिनेमा पाहिला तेव्हा घरात फ्रेंच कोणालाच येत नाही, खाली इंग्रजी अक्षरं, ती मी वाचून हिंदीत सांगत होते, अण्णा मधेमधे माझ्या भाषांतरात चुका काढत होता. तो मुलगा स्टुलावर नाही, सोफ्यावर बसला होता, ते अण्णानेच लावून धरलं होतं. आणि पहिल्या अर्ध्या तासात त्याने एकच प्रश्न विचारला.

"मॅडम, इसको छुट्टी कब मिलती है?"

मी म्हटलं दाखवतील पुढे. पुढे दाखवलंच नाही. मग थोड्या वेळाने, "पगार कित्ता होगा इसका?" ते पण कुठे सांगितलेलं मला तरी दिसलं नाही. रात्री चार वाजता फिलिपचा श्वास कोंडतो आणि ड्रिस त्याला बाहेर मोकळ्या हवेत पॅरिसच्या रस्त्यांवर फिरवायला नेतो, किती सुंदर सीन आहे तो, सगळ्यांचा आवडता, आणि आमचा हा म्हणतो, "तो ये सोता कब है?" अण्णा म्हणाला की अरे सिनेमा आहे, सिनेमात कोणी झोपत नाही. पण मग तोच गप्प झाला. मला नंतर म्हणाला, दहाच्या सुमारास, त्याला घरी पाठवल्यावर, की याला आठवड्याची सुट्टी नीट ठरवून द्यायला हवी, ब्यूरोवर सोडून नाही चालणार. आता रविवारी दुसरा मुलगा येतो, त्याला ते मोजे अजून चढवता येत नाहीत, रविवार आमचा जरा आरडाओरडीचा असतो.

सिनेमातली सगळ्यात चांगली गोष्ट मला कोणती वाटली सांगू? शेवटाकडे ड्रिसच्या घरचा भाऊ अडचणीत सापडून त्याला शोधत येतो, आणि फिलिपला दिसतं की याच्या घरी याची गरज आहे. तेव्हा तो त्याला सांगतो की तू काही जन्मभर व्हीलचेअर ढकलणार नाहीस. आणि त्याला जाऊ देतो. स्वतःचं नुकसान करून. नंतर त्याच्याकडे पांढरा कोट घातलेला शिस्तीचा नवा अटेंडंट येतो, फिलिप दाढी वाढवून बसतो, सगळं बिघडतं, पण त्या क्षणी त्याने त्याला अडवलं नाही. आपल्याकडे चांगला मुलगा मिळाला की आपण काय करतो, त्याची परीक्षा असेल, गावी लग्न असेल, दुसरीकडे चांगली नोकरी मिळत असेल, आपण म्हणतो "अरे पण बाबांना तुझी सवय झालीय". हे वाक्य मी निदान पाच घरांत ऐकलंय. आमच्या या खरगोनवाल्या मुलाला आयटीआय करायचंय, इलेक्ट्रिशियनचं. अण्णा त्याला फॉर्म भरायला सांगतोय आणि मी मनातल्या मनात म्हणतेय की ऍडमिशन पुढच्या वर्षी झाली तर बरं, हे आपलं खरं खरं सांगते.

खऱ्या माणसांबद्दल पण थोडं सांगायला हवं कारण लेखात "सत्यघटनेवर आधारित" एवढंच होतं. खरे फिलिप म्हणजे फिलिप पोझ्झो दी बोर्गो, पोमरी या शॅम्पेन कंपनीतले मोठे अधिकारी, १९९३ मध्ये पॅराग्लायडिंग करताना पडले, त्यानंतर तीन वर्षांनी बायको कॅन्सरने गेली. त्यांनी २००१ मध्ये आत्मकथन लिहिलं, मग त्या दोघांवर डॉक्युमेंटरी झाली, ती बघून सिनेमावाले त्यांच्याकडे गेले. जून २०२३ मध्ये ते मोरोक्कोत वारले. आणि खरा ड्रिस म्हणजे अब्देल सेलू, तो सेनेगलचा नव्हे, मूळचा अल्जेरियाचा. सिनेमात बदललं, कारण दिग्दर्शकांना ओमार सीलाच घ्यायचं होतं, आधी त्याच्याबरोबर काम केलेलं. अब्देलनेही नंतर स्वतःचं पुस्तक आणलं, म्हणजे त्यालाही सांगायचं होतंच काहीतरी, फक्त मालकाच्या गोष्टीतलं पात्र होऊन राहायचं नव्हतं. ते मराठीत कोणी आणलं तर मी पहिली प्रत घेईन.

अमेरिकेतल्या 'व्हरायटी' या सिनेमाविषयीच्या नियतकालिकात या सिनेमावर जोरदार टीका झाली होती, की काळ्या माणसाला यात गोऱ्या मालकाचं मन रमवणारा म्हणून दाखवलंय. मला ती टीका पूर्ण पटत नाही, ओमार सी पडद्यावर असताना तर मुळीच पटत नाही, पण लेख वाचल्यावर वाटलं की टीकाकार सिनेमावर कमी आणि सिनेमा बघणाऱ्यांवर जास्त बोलला असावा. कारण तुमच्या लेखकाने नेमकं तेच बघितलं. पुढे तेलुगू-तमिळमध्ये २०१६ साली नागार्जुन आणि कार्तीला घेऊन केला, 'ऊपिरी' आणि 'तोळा', आणि अमेरिकन पण झाला ब्रायन क्रॅन्स्टन, केविन हार्टचा. ते बघायची घाई नाही, आधी मूळचा बघा.

एक अवांतर, इंदूरवाल्यांना राहवत नाही म्हणून. फिलिप एका पेंटिंगसमोर भारावून बसलाय आणि ड्रिस म्हणतो, पांढऱ्यावर लाल डाग, याचे एवढे पैसे? मग स्वतःच रंग घेऊन एक चित्र काढतो आणि फिलिप ते ११,००० युरोला खपवतो. हे बघताना मला आमचे यशवंतराव होळकर आठवले. १९३० च्या दशकात महाराजांनी पॅरिसमधून ब्रांकुसी या शिल्पकाराचे 'बर्ड इन स्पेस' नावाचे पक्षी घेतले, एक नाही तीन, काळ्या दगडाचा, पांढऱ्या दगडाचा आणि एक ब्राँझचा, माणिकबाग राजवाडा जर्मन आर्किटेक्टकडून करवला, ब्रांकुसी स्वतः इंदूरला येऊन गेला मंदिर बांधायला, ते मंदिर कधी झालंच नाही. तेव्हा माणिकबागेत झाडू मारणाऱ्या नोकराला त्या पक्ष्यांकडे बघून काय वाटलं असेल? महाराजांचे मॅन रे या फोटोग्राफरने काढलेले फोटो आहेत, नोकराचं कुठे काही नाही. आता तिथे टॅक्सचं ऑफिस आहे.

तर मुद्दा. आमच्या इथे एक मंडळी हा सिनेमा सगळ्यांना मिळून दाखवायचं म्हणतायत, परवानगी वगैरे काढून रीतसर, हिंदीत समजावून सांगणारं कोणी ठेवून. मी लगेच दोन अटी घातल्या. एक, जिथे दाखवाल तिथे चाकाची खुर्ची आत गेली पाहिजे. आपल्या एका चांगल्या सभागृहात अण्णाला नाटकाला नेलं होतं तर बाहेर पायऱ्या, आणि रॅम्प म्हणून जे होतं ते इतकं चढाचं की वर ढकलायला तिघं लागले आणि उतरताना चौथा पुढून धरायला. रॅम्पचा साधा हिशोब असतो, एक फूट उंचीला निदान बारा फूट लांबी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्पष्ट आहे की जुन्या सार्वजनिक इमारती नियम आल्यापासून पाच वर्षांत सुगम करायच्या, नियम जून २०१७ मध्ये आले, म्हणजे मुदत २०२२ मध्येच संपली. आयोजक म्हणाले, चार माणसं उभी करू, उचलून आत नेऊ. नको. अण्णाला उचलून घेतलेलं आवडत नाही, आणि उचलणारे हात नेहमी त्या अटेंडंटचेच असतात, कंबर त्याचीच जाते.

दुसरी अट अशी की अटेंडंट लोकांना पण बोलवा, बाहेर गाडीजवळ थांबवू नका. पुढच्या रांगेत खुर्ची द्या, तोच चहा, तोच समोसा, तोच कप. आणि कार्यक्रम संध्याकाळी सहाला ठेवा म्हणजे आठला संपेल, त्यांच्या ड्यूटीच्या बाहेर जाणार नाही, नाहीतर शेवटची बस चुकते त्यांची. यावर एक गृहस्थ म्हणाले, "पण ते आपल्या मराठी कार्यक्रमात बोअर होतील." भिया, सिनेमा फ्रेंच आहे!

संपादक साहेब, तुमच्याकडून एवढीच अपेक्षा आहे की पुरवणीत कधीतरी या मुलांवर, या मावश्यांवर लिहा. त्यांना ट्रेनिंग कोण देतं, कोणी देतं का, ब्यूरोवर कोणाचं लक्ष आहे का, आजारी पडले तर त्यांचं कोण बघतं, रात्रपाळीला झोपायला जागा असते का. त्याच दिव्यांग हक्क कायद्यात ज्यांना जास्त आधाराची गरज आहे त्यांच्यासाठी केअरगिव्हर भत्त्याचा उल्लेख आहे, तो कोणत्या राज्यात प्रत्यक्ष मिळतो, किती मिळतो, कसा मागायचा, हे एखाद्या वार्ताहराला फिरवून छापा. आमच्यासारख्या घरांना त्याची खरी गरज आहे. पुढच्या वेळी 'द इनटचेबल्स'वर लिहिलंत तर ओमार सीचाही फोटो घ्या, तुमच्या फोटोत तो अर्धा कापला गेला होता.

पत्र फार लांबलंय हे मलाही दिसतंय. जागा नसेल तर माणिकबागेचा भाग खुशाल कापा, पण रॅम्पचा आणि ग्लासचा ठेवा.

आपली,
एक वाचक
लोकमान्य नगर, इंदूर